बोट साक्षीदारानं दाखवायचं

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटरांच्या ढिगाऱ्यापाशी एक बाई माझी वाट अडवून उभ्या होत्या. मी अदबीनं म्हणालो, "बहनजी, जरा साइड दीजिए." बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "आज घरी जेवणार आहात ना, की बहनजींनी डबा पाठवायचा?" ती माझी बायको, सुधा. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिनं त्या दिवशी नवी शाल पांघरली होती हा माझा बचाव तिनं आजतागायत मान्य केलेला नाही.

मला चेहरे लक्षात राहत नाहीत. पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथीला मी मॉनिटर होतो. बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची वेळ आली की मी भलत्यांचीच लिहायचो. आठवड्याभरात गुरुजींनी खडू काढून घेतला. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात हेडक्लार्क. ते म्हणायचे, "काहीही हो, फक्त पोस्टमन होऊ नकोस." मी पोस्टमन झालो नाही. दिल्लीच्या फौजदारी कोर्टांत सरकारी वकील झालो, आणि त्यातली निम्मी नोकरी बलात्काराच्या खटल्यांत गेली. तिथे निम्मी लढाई एकाच प्रश्नावर असते: हाच का तो?

या अंकाच्या संपादकबाईंनी 'तुमचे गाजलेले खटले' लिहायला सांगितलं. माझ्या फक्त चुका गाजल्या. त्यातली एक तर उच्च न्यायालयापर्यंत गाजली. तीच सांगतो. पण त्याआधी थोडा धंदा समजावून सांगायला हवा, नाहीतर चुकीची गोडी कळणार नाही.

ओळखीचा माणूस गुन्हा करतो तेव्हा प्रश्न वेगळे असतात. अनोळखी असेल तर पोलिस आधी ओळखपरेड मागतात. तुरुंगात मॅजिस्ट्रेटसमोर आरोपीला साधारण त्याच्याच वयाच्या, त्याच्याच बांध्याच्या आठ-दहा जणांत उभं करतात आणि साक्षीदाराला म्हणतात, यातून शोधा. तोवर साक्षीदाराला आरोपीचं दर्शन घडता कामा नये, म्हणून अटकेपासून पोलिस त्याच्या तोंडावर फडकं टाकून त्याला हिंडवतात. दिल्ली पोलिसांच्या कागदांत याला 'बापर्दा' म्हणतात. पण ही परेड म्हणजे नुसती रंगीत तालीम. खरा पुरावा साक्षीदार भर कोर्टात बोट दाखवतो तो. परेड त्याला दुजोरा देते, एवढंच. आणि त्या बोटाचा एक नियम नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. बोट साक्षीदारानं दाखवायचं, वकिलानं नाही. वकिलानं फक्त विचारायचं, "तो माणूस आज इथे हजर आहे का?" आणि गप्प उभं राहायचं.

गप्प उभं राहणं हा माझा प्रांत नव्हे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी व्हरांड्यात एक भेदरलेला तरुण दिसला. साक्षीदार समजून मी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "घाबरू नकोस. जे घडलं ते सगळं खरं खरं सांग, बाकी मी बघतो." तो म्हणाला, "सर, मेरे वकील साब ने तो बोलने को मना किया है." तो आरोपी होता. दिल्लीच्या वकिलांच्या बारमध्ये हा किस्सा वर्षभर पुरला. तरी बरं, सगळे त्याचा नायक कुणी बंगाली समजत होते. आडनाव मुजुमदार, त्यामुळे दिल्लीनं मला कायम बंगालीच ओळखलं. दुर्गापूजेची निमंत्रणं मी इतकी घेतली आहेत की आता खुलासा करायचीही लाज वाटते.

दुसऱ्या चुकीला मात्र हसता येत नाही.

मी खालच्या कोर्टात सहायक होतो. सरोजिनी नगरातल्याच सरकारी क्वार्टरांत धुणीभांडी करणारी एक बाई मॅजिस्ट्रेटपुढे जबाब द्यायला आली होती. घरांना रंग द्यायला आलेल्यांपैकी एकानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. परेड अजून व्हायची होती. जून महिना होता आणि बाई उन्हात उभी होती. मला दया आली. मी तिला आत घेतलं आणि व्हरांड्यात पाण्याच्या कूलरशेजारच्या बाकावर बसवलं. जागा गार, वर पंखा. अर्ध्या तासानं हवालदार तिच्याच आरोपीला घेऊन तिथून गेले. त्याला तहान लागली होती. पाणी प्यायला त्यांनी त्याच्या तोंडावरचं फडकं काढलं.

परेडमध्ये तिनं त्याला पटकन ओळखलं. पुढे खटल्यात उलटतपासणीत विचारलं, "परेडच्या आधी याला कुठे पाहिलं होतंस?" ती खोटं बोलणारी बाई नव्हती. म्हणाली, "हां जी, कोर्ट में देखा था. पानी पी रहा था." ओळख गेली आणि ओळखीबरोबर खटला गेला. निकालाच्या दिवशी ती मला बाहेर भेटली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबूजी, वहाँ तो आप ने ही बिठाया था."

हे वाक्य मी अजून बरोबर घेऊन फिरतो. पुढच्या खटल्यात मी जे केलं ते या वाक्याच्या धाकानं केलं, आणि धाकानं केलेलं काम कसं होतं ते आता बघा.

त्या मुलीचं नाव कायद्यानं सांगता येत नाही. कायदा नसता तरी सांगितलं नसतं. इथे तिला वंदना म्हणू. वर्ध्याकडची. आयटीआय करून दिल्लीशेजारच्या मानेसरला लागली होती, गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. राहायची दिल्लीच्या हद्दीत, मैत्रिणींबरोबर एका खोलीत. सकाळच्या शिफ्टची कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. डिसेंबरातल्या एका सकाळी ती बस चुकली. मागून आलेली पांढरी व्हॅन "मानेसर, मानेसर" ओरडत थांबली. त्या रस्त्यानं कितीतरी कामगार अशा व्हॅनमधून जातात. आत दोन सवाऱ्या होत्या, दोघी बायका, म्हणून वंदना चढली. त्या दोघी पुढच्या वळणावर उतरल्या आणि व्हॅनमध्ये ड्रायव्हर आणि ती एवढेच राहिले. पुढचं मी लिहिणार नाही. ते कोर्टाच्या कागदांत आहे आणि तिथेच राहो.

तिनं नंतर काय केलं ते मात्र लिहितो. ती मिळेल त्या रिक्षानं कारखान्याच्या गेटवर पोहोचली आणि तिथल्या सुरक्षारक्षक बाईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्याच दिवशी पोलिसांत गेली. गाडीच्या नंबरातले दोन आकडे तिला आठवत होते. त्यांवरून सब-इन्स्पेक्टर दहिया नावाच्या चिवट हरियाणवी माणसानं पंधरा दिवसांत व्हॅन शोधली. व्हॅन दोन भाऊ आळीपाळीनं चालवायचे. त्यांतला थोरला हॉस्पिटलात होता, पाय मोडून, घटनेच्या आधीपासून. राहिला धाकटा. त्याला अटक झाली. त्यानं ओळखपरेडला साफ नकार दिला: "मला पोलिसांनी ठाण्यातच हिला दाखवलंय." असा नकार देता येतो. कोर्ट त्यावरून आरोपीविरुद्ध अर्थ काढू शकतं, पण काढेलच असं नाही. दहिया शपथेवर सांगत होता की फडकं एक मिनिट हटलं नाही.

परेड झाली नाही. वैद्यकीय अहवाल मोघम होता, प्रयोगशाळेचा त्याहून मोघम. आरोपी जामिनावर सुटला. खटला उभा राहायला जवळजवळ दोन वर्षं गेली. घटनेनंतर तोवर वंदनानं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणजे सगळा खटला तिच्या एका बोटावर टेकला होता.

साक्षीच्या आधी मी तिला माझ्या खोलीत बोलावलं. मराठी ऐकून तिला धीर आला. मी मात्र तिला धीर देण्याऐवजी दुजोरा मागत बसलो.

"कुणी पाहिलं तुला व्हॅनमधून उतरताना?"

"नाही सर."

"त्या दोन सवाऱ्या? नाव, गाव, काही?"

"नाही सर."

"कपडे पोलिसांना लगेच दिलेस?"

"दिले ना. तुमच्या फाइलीत आहे."

"ते आहे, पण अहवालात काही निघालं नाही. आणखी काही? कुणी फोन, कुणी दुकानदार?"

 ती म्हणाली, "सर, मी पुरेशी नाही का?"

कायद्याचं उत्तर 'आहेस' असं आहे. वरची न्यायालयं कित्येक वर्षं सांगत आली आहेत की बाईची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. दुजोरा नाही म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. जखमी साक्षीदारावर आपण ठेवतो तसा विश्वास तिच्यावर ठेवायचा. हे मी कोर्टात घसा ताणून म्हणायचो. आणि खोलीत येऊन प्रत्येक बाईला विचारायचो, आणखी कोण आहे?

"पुरेशी आहेस," मी म्हणालो. माझ्या आवाजात काही दम नव्हता.

"मग कानाचं विचारणार ना?"

"कसल्या कानाचं?"

"त्याच्या डाव्या कानाची वरची कड आत दुमडलेली आहे. मी मागच्या सीटवर डाव्या बाजूला होते, मला तोच दिसत होता. रिपोर्टात आहे. लिहून घेत नव्हते, मी तीनदा सांगून लिहायला लावलं." मग जरा उजळून म्हणाली, "माझं कामच आहे सर ते. ट्यूबलाइटखाली बसून रबराची सीलं तपासायची. सगळी सारखी दिसतात. एखादं साच्यातून काढताना कडेला दुमडतं. ते दिसलं की लाल ट्रेमध्ये टाकायचं. लाइनवर सगळ्यांत जास्त माल मी रिजेक्ट करते. सुपरवायझर वैतागतात."

"वा वा," मी म्हणालो, "कानाचं नंतर बघू. आधी मला सांग, गेटवरची बाई साक्षीला येईल ना?"

तो प्रथम खबरी अहवाल मी निदान दहा वेळा वाचला होता. कानाची ओळ दर वेळी डोळ्यांखालून गेली होती. आरोपी कोण ते ठाऊक नसताना, अटकेच्या पंधरा दिवस आधी, पोलिसांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ. मी जगभर शोधत होतो तो दुजोरा माझ्याच फाइलीच्या दुसऱ्या पानावर होता. मला चेहरे दिसत नाहीत हे माहीत होतं. कान दिसत नाहीत हे पुढे कळलं.

साक्षीचा दिवस डिसेंबरातलाच आला. कोर्टात हीटर नव्हता. न्यायाधीशबाई पंधरवड्यापूर्वीच बदलून आलेल्या; त्यांच्याबरोबर स्टेनो आणि फायली पुढे करणारा पेशकारही. आरोपीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कोर्टाचा जुना हवालदार रजेवर, त्याच्या जागी नवा. दहिया स्वतः साक्षीदार, म्हणून बाहेर. असे खटले बंद दाराआड चालतात. आत न्यायाधीश, स्टेनो, पेशकार, दोन वकील, एखादा कारकून, साक्षीदार आणि आरोपी. थोडक्यात, त्या खोलीत सरकारच्या बाजूनं आरोपीचा चेहरा आधी पाहिलेला एकच माणूस होता. मी.

आरोपीचे वकील भसीनसाहेब. उंच, गुळगुळीत, आणि हरकत घेण्यात असे पटाईत की मी खोकलो तरी उठून म्हणत, "ऑब्जेक्शन, लीडिंग." त्यांच्या मागे त्यांचा कारकून, म्हणजे मुन्शी, पांढरा शर्ट, काळा स्वेटर घालून फायलींचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. आरोपी मागच्या भिंतीशी, मफलर डोक्याला गुंडाळून उभा. पेशकारानं नाव पुकारलं, मफलरवाल्यानं "हाजिर हूँ जी" म्हटलं. तेच नाक, त्याच मिशा. मीही मान डोलावली.

सुरुवातीलाच भसीननी टोला हाणला. "मॅडम, नोंद व्हावी. सरकारी वकील आणि साक्षीदार बाहेर तासभर एकाच भाषेत गुजगोष्टी करत होते. आज कळलं, मजूमदारजी बंगाली नाहीत. साक्ष पढवलेली आहे."

"ते उलटतपासणीत विचारा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "चलिए, सरकारी वकीलसाहेब."

वंदनानं साक्ष दिली. हिंदीत बोलली, वर्ध्याच्या वळणाची हिंदी, पण एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. बस, व्हॅन, उतरलेल्या सवाऱ्या, गेटवरची बाई. मग मी तो प्रश्न विचारला, "तो माणूस आज इथे हजर आहे का?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. पाहत राहिली. बोलेना.

मोजून अर्धं मिनिट गेलं असेल. कोर्टातलं अर्धं मिनिट फार मोठं असतं. मला तो पाण्याचा कूलर दिसायला लागला. मला वाटलं, ही घाबरली, ही गप्प बसणार, आणि आणखी एक बाई बाहेर भेटून मला काहीतरी हळूच म्हणणार. आणि माझ्या नकळत माझा हात वर गेला. मफलरवाल्याकडे सरळ बोट करून मी म्हणालो, "हाच ना तो?"

पहिल्या दिवशी पोरांना जे करू नका म्हणून शिकवतात, नेमकं ते.

आणि भसीनसाहेब उठले नाहीत. ज्यांनी माझ्या खोकल्याला हरकत घेतली होती ते पेनचं टोपण फिरवत शांत बसून राहिले. तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं. नाही कळलं.

वंदना न्यायाधीशांना म्हणाली, "मॅडम, यांना मफलर काढायला सांगा."

आता भसीन उठले. "मॅडम, थंडी आहे, माझ्या अशिलाची तब्येत..."

"उतारो," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मफलर उतरला. वंदनानं एकदा पाहिलं आणि मान हलवली. "हा नाही."

 मी टेबलाची कड धरली. भसीन तर जवळजवळ गायलेच: "नोंद व्हावी, मॅडम! सरकारी वकिलांनी स्वतः बोट दाखवूनही साक्षीदारानं आरोपीला ओळखलेलं नाही!" न्यायाधीशबाईंनी नाइलाजानं स्टेनोकडे वळून मजकूर सांगायला सुरुवात केली.

"थांबा मॅडम," वंदना म्हणाली. "माझं संपलं नाही."

ती वळली. स्टेनो, पेशकार, मी, भसीन, एकेकावरून तिची नजर सरकत गेली. घाई नाही, थरथर नाही. ट्यूबलाइटखाली ती कशी बसत असेल ते मला त्या क्षणी दिसलं. मग तिनं हात उचलला.

"तो. वकीलसाहेबांच्या मागे, गाठोडं घेऊन बसलाय तो. केस वाढवलेत. डावीकडचे केस बाजूला करायला सांगा."

गाठोडं जमिनीवर पडलं. मुन्शी उठून दाराकडे निघाला. पेशकार नावाचा प्राणी खुर्चीतून उठलेला मी तीस वर्षांत त्या एकदाच पाहिला. त्यानं दाराला पाठ लावली आणि नव्या हवालदाराला हाक मारली. न्यायाधीशबाई उभ्या राहिल्या. केस बाजूला झाले. कानाची वरची कड आत दुमडलेली होती, साच्यातून निघताना बिघडलेल्या सीलासारखी.

भिंतीशी उभा होता तो थोरला भाऊ. पाय बरा झालेला. डाव साधा होता. ती त्याच्याकडे बोट दाखवणार आणि मग भसीन हॉस्पिटलचे कागद काढणार, की बघा मॅडम, घटनेच्या दिवशी पलंगावर पडलेल्या माणसाला ही ओळखते आहे, हिच्या ओळखीची किंमत ही. खटला तिथेच संपला असता. आणि त्या खड्ड्यात तिला ढकलायला सगळ्यांत पुढे मी होतो, बोट रोखून.

न्यायाधीशबाईंनी दहियाला आत बोलावलं. त्यानं एकदा एका भावाकडे, एकदा दुसऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मजूमदार साब, थमने तो इसे सात तारीखों पे देख्या था!" धाकट्याला मी सात तारखांना कोर्टात पाहिलं होतं, हे खरंच होतं.

धाकट्याचा जामीन तिथल्या तिथे रद्द झाला. थोरल्यावर वेगळा खटला झाला. भसीन म्हणाले, मला या प्रकाराची काही कल्पना नव्हती, मुन्शी नवा होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं का? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं, पण चेहऱ्यांच्या बाबतीत माझं मत कोण विचारतो.

उलटतपासणी करणं त्यांना भाग होतं. त्यांनी केली. धुकं होतं, उजेड कमी होता, तू घाबरलेली होतीस, दोन वर्षं झाली, एवढं कसं लक्षात राहिलं? वंदना म्हणाली, "साहेब, मी रोज सारख्या दिसणाऱ्या मालातून खराब शोधते. मला कुणी बोट दाखवून सांगत नाही." शेवटचं वाक्य बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मोठ्या मनाची मुलगी.

"साक्ष पढवलेली आहे" हा भसीनचा मुद्दा निकालपत्रात चार ओळींत मेला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं की साक्षीदाराला सरकारी वकिलांनी पढवलं असतं, तर सरकारी वकिलांनी दाखवलेल्या चुकीच्या माणसाला तिनं नाकारलं नसतं. त्यांची चूक हाच तिच्या ओळखीच्या सच्चेपणाचा सर्वांत भक्कम दुजोरा होय. शिवाय कानाचं वर्णन अटकेपूर्वीच्या अहवालात आलेलं आहे, 'ज्याकडे सरकारी वकिलांचं लक्ष गेलेलं दिसत नाही'. शिक्षा झाली. वंदनानं निकाल उभं राहून ऐकला. शेवटी एकच विचारलं, "म्हणजे मी पुरेशी होते?" मी म्हणालो, "पुरून उरलीस." या वेळी आवाजात दम होता.

अपिलात उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी माझ्या चुकीचा परिच्छेद भर कोर्टात दोनदा वाचला. दुसऱ्यांदा जरा हसून. शिक्षा कायम झाली. आमचे मुख्य वकील व्हरांड्यात हात पुढे करून आले, "बधाई हो मजूमदार. आपकी गलती हाई कोर्ट से कन्फर्म हो गई." तो निकाल पुढे माझ्या हाताखालच्या कितीतरी पोरांनी आपल्या खटल्यांत पुढे केला. माझ्या नावावर दुसरं काही राहो न राहो, एक चूक पक्क्या बांधणीत कपाटात आहे.

पुढे साक्षीदारासाठी पडदा आला, वेगळी खोली आली, आरोपीचा फोटो फाइलीला लागायला लागला. चांगलं झालं. मी माझ्या परीनं एक बदल केला: बायकांना खोलीत बोलावल्यावर "आणखी कोण आहे?" हे विचारणं सोडलं. "तू काय पाहिलंस?" असं विचारायचो आणि दुसरं पान उघडून बसायचो. कूलरशेजारी बसवलेल्या त्या बाईला मात्र याचा काही उपयोग नव्हता. तो हिशेब काही मिटत नाही.

गेल्या वर्षी सुधा आणि मी गुडगावला भाच्याकडे निघालो होतो, मेट्रोनं. सुधाला डब्याच्या पलीकडच्या टोकाला बायकांच्या सीटवर जागा मिळाली होती. समोर उभी असलेली एक बाई वाकून म्हणाली, "मुजुमदार सर ना? ओळखलंत?"

अशा वेळी मी काय करतो ते आता सांगायला हरकत नाही. तोंडभर हसतो आणि कुणालाही चालतील असे प्रश्न विचारतो. "अरे वा! कशा आहात? आई बरी आहे ना? बदली झाली की तिथेच?"

ती हसायला लागली. "सर, अजून तसेच आहात. नाही ओळखलंत." मग तिनं आपल्या डाव्या कानाची वरची कड दोन बोटांनी हलकेच आत दुमडली.

मी उठून उभाच राहिलो. तिनं मला परत बसवलं. त्याच कारखान्यात होती, पूर्ण तपासणी विभागाची प्रमुख. "आता माझ्या सहीशिवाय लाल ट्रे हलत नाही," म्हणाली. मी ओशाळून म्हटलं, "माफ कर ग, खरंच नाही ओळखलं."

"बरं झालं ना सर," ती म्हणाली. "तेव्हा दोन वर्षं गेटवर, गल्लीत, कोर्टात, सगळे मला ओळखायचे. ती बघ, तीच ती. आज माझ्या स्वतःच्या वकिलांनी ओळखलं नाही. म्हणजे आता मी चारचौघींसारखी दिसते."

तिचं स्टेशन आलं. दारातून तिनं हात हलवला आणि गर्दीत मिसळून गेली, आणि गंमत म्हणजे त्या गर्दीतही शेवटपर्यंत मला ती वेगळी दिसत होती.

पलीकडून येत सुधानं विचारलं, "कोण हो ती?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो. "कुणीतरी भलतंच समजली मला."

सुधानं नेहमीसारखा कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं मी लोकांना न ओळखता ओळखल्याचं दाखवत आलो. उलटं मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं, आणि सुधाला ते कळलंसुद्धा नाही.